निवृत्त होणाऱ्या वरिष्ठांना बर्बन भेट द्यायची आहे; बाटली कशी निवडावी?

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो. आपण ओहायोतील कोलंबस येथे नोकरी करता आणि आपले अमेरिकन वरिष्ठ पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. ते बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, घेतात एवढेच आपल्याला ठाऊक आहे, आपण स्वतः मद्य घेत नाही, आणि शंभर डॉलरपर्यंत खर्च करण्याची आपली तयारी आहे. एका मित्राने ‘ब्लँटन्सच घे’ असे सांगितले, पण ती दुकानात मिळाली नाही, आणि आता समाजमाध्यमावरील एक अनोळखी गृहस्थ ती दोनशे डॉलरना द्यायला तयार आहेत. शिवाय डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना सासऱ्यांसाठीही एक बाटली न्यायची आहे.

मी केंटकीतील लुईव्हिल शहरात एका मद्याच्या दुकानात सतरा वर्षे काम करतो, आणि नाताळच्या आधी व ‘फादर्स डे’च्या आठवड्यात माझा बहुतेक दिवस याच प्रश्नाचे उत्तर देण्यात जातो. म्हणून आधी जे निश्चित सांगता येते ते सांगतो: दोनशे डॉलरची ती बाटली घेऊ नका. कारणे पुढे येतील.

आपण ‘चांगली बर्बन कोणती’ असे विचारले आहे, पण खरा प्रश्न ‘या गृहस्थांना कोणती आवडेल’ हा आहे, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा वेगळी असतात. आज केंटकीतील कोणत्याही जुन्या, नावाजलेल्या डिस्टिलरीची चाळीस ते शंभर डॉलरमधली बाटली उचलली तर ती वाईट निघण्याची शक्यता फार कमी आहे. चूक होते ती निवडीत: ज्याला मऊ, गोडसर चव आवडते त्याच्या हाती तिखट आणि जहाल बाटली पडते, किंवा दर शनिवारी दोन घोट घेणाऱ्या माणसाला इतकी दुर्मीळ बाटली मिळते की ती फोडण्याचा त्याला धीरच होत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. ते घरी नेहमी कोणती बर्बन घेतात आणि कशी घेतात, हे शोधून काढा. कार्यालयातील जुन्या सहकाऱ्याला विचारा, किंवा त्यांच्या पत्नीशी आपली ओळख असेल तर त्यांनाच विचारा. असा प्रश्न इथे कुणाला खटकत नाही. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्या दुकानात आली. तिने वडिलांच्या कपाटाचे छायाचित्र मोबाइलवर काढून आणले होते. त्या कपाटात सहा बाटल्या होत्या. चार जवळजवळ भरलेल्या आणि दोन तळाला गेलेल्या. तिला वाटत होते की भरलेल्या बाटल्या महाग आहेत, तेव्हा वडिलांची आवड तीच असावी. मी तिला तळाला गेलेल्या दोन बाटल्या दाखवल्या. दोन्हींत राय या तिखट चवीच्या धान्याऐवजी गहू वापरलेला होता. त्यानंतर निवड करायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत. माणसाची आवड रिकाम्या होत आलेल्या बाटलीवरून कळते, आणि आजही कुणी बाटल्यांचे छायाचित्र दाखवले की मी आधी त्यांतील पातळी बघतो.

याच चौकशीत ते अजूनही मद्य घेतात ना, याचीही खात्री होईल. निवृत्तीच्या वयात डॉक्टरांच्या सल्ल्याने किंवा अन्य कारणाने सोडून दिलेली माणसे पुष्कळ असतात आणि ती गोष्ट ते कार्यालयात सांगत नाहीत. तसेच आपल्या कंपनीचे भेटवस्तूंविषयी काही नियम असतील तर तेही पाहून घ्या.

आता ही आवड ओळखायची कशी, यासाठी बर्बन म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागेल. १९६४ मध्ये अमेरिकी संसदेने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. नियम असा की धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा, मद्य आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेले हवे, आणि पाण्याखेरीज त्यात रंग किंवा स्वाद यांपैकी काहीही घालता येत नाही. पिंपात भरताना मद्यार्काचे प्रमाण ६२.५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये आणि बाटलीत ते किमान ४० टक्के असावे लागते. बर्बन केंटकीतच बनली पाहिजे असा नियम नाही, मात्र बहुतांश बर्बन तिथेच बनते. मक्यामुळे गोडवा येतो. जाळलेल्या ओकमुळे व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेसारखा वास व तांबूस रंग येतो. मक्याव्यतिरिक्त मोड आणून वाळवलेले सातू थोडे असतात, आणि तिसरे धान्य बहुधा राय किंवा गहू असते. चवीतला सर्वांत ठळक फरक या तिसऱ्या धान्याने पडतो. राय असेल तर मिरी, दालचिनी यांसारखा तिखटपणा जाणवतो, आणि गहू असेल तर चव मऊ, गोलसर लागते.

मी याला घराणे म्हणतो. गाणे ऐकणाऱ्याला जसे एखादे घराणे जवळचे वाटते, तसेच नियमित बर्बन घेणाऱ्याची जीभ नकळत एका घराण्यात स्थिरावलेली असते. माझा सतरा वर्षांचा अनुभव असा आहे की भेट देताना त्याच घराण्यातली, पण तो स्वतःसाठी रोज घेणार नाही अशी एक पायरी वरची बाटली द्यावी. त्यातून आपण त्याच्याकडे लक्ष दिले होते हे त्याला समजते, आणि चवही ओळखीच्या वाटेने जाते.

उदाहरणे देतो. ते मेकर्स मार्क घेत असतील, म्हणजे लाल मेणाची बाटली, तर त्यांचे घराणे गव्हाचे आहे. त्यांच्यासाठी मेकर्स ४६ घ्यावी, जिच्यात तयार बर्बन शेकवलेल्या फ्रेंच ओकच्या पट्ट्यांसोबत आणखी मुरवतात. किंवा त्याच डिस्टिलरीची, पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेने भरलेली ‘कास्क स्ट्रेंग्थ’ घ्यावी. जिम बीम घेत असतील तर त्याच घरची नॉब क्रीक ही सरळ पायरी आहे, आणि निवृत्तीसारख्या प्रसंगी तिची बारा वर्षे मुरवलेली बाटली शोभते. वाइल्ड टर्की घेत असतील तर रसेल्स रिझर्व्हची ‘सिंगल बॅरल’, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली बाटली, द्या. जिमी रसेल १९५४ मध्ये त्या डिस्टिलरीत कामाला लागले आणि पुढे त्यांचे चिरंजीव एडी त्याच कामात आले. त्यांच्या आडनावाची बाटली आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला देण्यात एक औचित्य आहे, असे मला नेहमी वाटते. वुडफर्ड रिझर्व्ह आवडत असेल तर तिचीच दोन पिंपांत मुरवलेली ‘डबल ओक्ड’, किंवा त्याच कंपनीची ओल्ड फॉरेस्टर १९२० पाहा. पहिली गोडसर आहे आणि दुसरी चांगली जोरकस. बुलेट घेणाऱ्याला रायचा तिखटपणा आवडतो असे समजायला हरकत नाही, आणि त्याला मी डोळे मिटून फोर रोझेस सिंगल बॅरल देतो. बुलेट एकेकाळी फोर रोझेसमध्येच बनत असे. बफलो ट्रेस घेत असतील तर दहा वर्षांची ईगल रेअर हवी, मात्र ती सर्वत्र आणि सदैव मिळत नाही. एव्हन विल्यम्स असेल तर एलायजा क्रेग. आणि ते जॅक डॅनियल्स घेत असून कार्यालयात सगळे तिला बर्बन म्हणत असतील, तर ती टेनेसी व्हिस्की आहे आणि पिंपात भरण्यापूर्वी मेपलच्या कोळशातून गाळलेली असते; तशा माणसालाही मऊ, गव्हाची बर्बन सहसा रुचते.

ते कशी घेतात हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि इथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाला त्याच्या मामांसाठी मी ६५ टक्क्यांहून अधिक मद्यार्काची, पाणी न घातलेली बर्बन मोठ्या उत्साहाने दिली. माझ्या दृष्टीने ती दुकानातली सर्वोत्तम बाटली होती. मामा नुसती घेणारे होते, पण त्यांची सवय ४० टक्क्यांची. पहिल्याच घोटाला त्यांचा घसा भाजला आणि बाटली तशीच पडून राहिली. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल अशी जी समजूत आहे, तीच इथेही वेगळ्या रूपात आढळते. तीव्रता म्हणजे दर्जा नव्हे. बाटलीवर ‘प्रूफ’ नावाचा आकडा असतो, त्याचे निम्मे केले की मद्यार्काची टक्केवारी मिळते. म्हणजे १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. ते नुसती घेत असतील तर ९० ते १०० प्रूफच्या दरम्यान राहा. भरपूर बर्फ घालून किंवा साखर व बिटर्स (कडू अर्काचे थेंब) घालून ‘ओल्ड फॅशन्ड’ हे कॉकटेल करून घेत असतील तर १०० ते ११५ प्रूफची बाटली अधिक चांगली, कारण बर्फ वितळल्यावरही तिची चव टिकते. १२० प्रूफच्या वरची बाटली, त्यांना तशी आवडते हे पक्के ठाऊक असल्याखेरीज, भेट म्हणून देऊ नये.

वयाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांची सर्वाधिक फसगत तिथे होते. भारतात आपण स्कॉचच्या बाटल्यांवर १२, १८ असे आकडे पाहिलेले असतात आणि आकडा वाढला की दर्जा वाढला असे मनात बसलेले असते. स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपांत आणि थंड हवेत मुरते, त्यामुळे तिला वेळ लागतो. बर्बनला दरवेळी नवे, जाळलेले पिंप लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, आणि म्हणूनच अशी असंख्य पिंपे पुढे स्कॉटलंडला जातात. नवे लाकूड पहिल्या काही वर्षांतच पुष्कळ काही देऊन टाकते. त्यात केंटकीचा उन्हाळा कडक असतो. उंच गोदामांच्या वरच्या मजल्यांवर मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते आणि थंडीत पुन्हा बाहेर येते, आणि दर वर्षी पिंपातला काही भाग उडून जातो. त्यामुळे सहा ते बारा वर्षे हा बर्बनचा ऐन बहराचा काळ आहे असे माझे मत आहे. पंधरा वर्षांच्या पुढे उत्तम पिंपेही निघतात, पण बऱ्याच पिंपांत लाकडाचा कडवटपणा वर येतो आणि किंमत मात्र कित्येक पटींनी वाढलेली असते. बाटलीवर वयाचा आकडा नसेल तरी घाबरू नका. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर किमान दोन वर्षे मुरवलेली असावी लागते, आणि ती चार वर्षांहून कमी असेल तर वय छापणे बंधनकारक आहे; म्हणजे वय न छापलेली स्ट्रेट बर्बन निदान चार वर्षांची असतेच. बाटलीत भरल्यावर वय वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. दहा वर्षांची बर्बन कपाटात वीस वर्षे राहिली तरी दहाच वर्षांची राहते.

आता ब्लँटन्सविषयी. आपल्या मित्राने वाईट बाटलीचे नाव सांगितलेले नाही. १९८४ मध्ये एल्मर ली यांनी केंटकीतील फ्रँकफर्टच्या डिस्टिलरीत ती सुरू केली आणि एकाच पिंपातून भरलेली बर्बन बाजारात आणण्याची प्रथा तिच्यापासून रुजली. बुचावर घोडा व स्वार यांची छोटी प्रतिमा असते. अशी आठ प्रकारची बुचे असून त्यांवरील अक्षरे जुळवली की ब्लँटन्सचे नाव तयार होते, म्हणून लोक ती जमवतात. पिंप ज्या दिवशी रिकामे केले ती तारीखही बाटलीवर लिहिलेली असते. देखणी, मध्यम गोडीची, ४६.५ टक्क्यांची बर्बन आहे, आणि ठरलेल्या दरात मिळाली तर निःशंक घ्यावी. पण ओहायोत कडक मद्याचे दर राज्य सरकार ठरवते आणि अधिकृत दुकानांना त्याच दराने विकावे लागते. दुर्मीळ बाटल्यांसाठी तर सोडतही काढली जाते. म्हणजे दोनशे डॉलर मागणारी ती व्यक्ती परवान्याशिवाय विक्री करत आहे, आणि ते बेकायदा आहे. त्याहून मोठी काळजी अशी की दुर्मीळ नावांच्या रिकाम्या बाटल्यांत स्वस्त बर्बन भरून विकण्याचे प्रकार घडतात, आणि आपण स्वतः घेत नसल्यामुळे आपल्याला ते ओळखता येणार नाही. वरिष्ठांच्या हाती तशी बाटली पडावी आणि त्यांनी संकोचाने आपल्याला काही सांगू नये, ही शक्यता दोनशे डॉलर जाण्यापेक्षा मला जास्त खुपते.

त्याला जोडून एक प्रसंग सांगावासा वाटतो. आमचे एक वयस्कर गिऱ्हाईक निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना अत्यंत दुर्मीळ बाटली दिली. दोन महिन्यांनी ते दुकानात आले आणि ही बाटली फोडू की ठेवू असे मला विचारले. मी फोडा म्हणालो. त्यांना तिची बाजारातली किंमत कळलेली होती, म्हणून ते फोडेनात. पुढे चार वर्षे मी दर भेटीत विचारत राहिलो आणि ते ‘पुढच्या खास दिवशी’ म्हणत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ती बाटली न फोडलेल्या स्थितीत आम्हाला दाखवायला आणली. त्या दिवसापासून मी भेटीसाठी कुणालाही अशी बाटली सुचवत नाही, जी माणूस पहिल्याच आठवड्यात मोकळ्या मनाने उघडणार नाही.

समजा, पुष्कळ चौकशी करूनही काही कळले नाही. तर मी दोनच नावे सुचवेन. पहिले फोर रोझेस सिंगल बॅरल: ५० टक्के मद्यार्क, रायचा तजेला असूनही फळांसारखी हलकी गोडी, आणि जाणकारालाही नवख्यालाही आवडेल असा तोल, ती आपल्या मर्यादेच्या बरीच आत बसते. दुसरे बारा वर्षांची नॉब क्रीक, जी अधिक गडद आणि लाकडी चवीची आहे. ते नुसती घेणारे आणि सावकाश घेणारे असतील तर नॉब क्रीक, अन्यथा फोर रोझेस.

दुकानात लेबल वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. मागच्या बाजूला बर्बन कुठे ऊर्ध्वपातित झाली ते बारीक अक्षरांत असते. इंडियानातील लॉरेन्सबर्ग येथे एक मोठी डिस्टिलरी आहे आणि अनेक नवे ब्रँड तिथली बर्बन विकत घेऊन स्वतःच्या नावाने भरतात. (केंटकीतही एक लॉरेन्सबर्ग आहे, जिथे वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस बनतात, ही गावे वेगळी आहेत.) इंडियानाची बर्बन उत्तम असते, तेव्हा त्यात कमीपणा नाही. पण पुढच्या बाजूला पणजोबांची गोष्ट, जाड काच, लाकडी बूच आणि नव्वद डॉलरचा दर असेल, आणि ती कुणी बनवली याचा स्पष्ट उल्लेख कुठेच नसेल, तर आपले पैसे मुख्यतः काचेला जात आहेत असे समजावे. याउलट ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द १८९७ च्या कायद्यातून आलेले आहेत: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरवलेली आणि नेमक्या ५० टक्क्यांची. हे शब्द असलेली बाटली स्वस्त असली तरी विश्वासाची असते.

शंभर डॉलर पूर्ण खर्च करायचेच असतील तर सगळे बाटलीवर घालू नका. पन्नास-साठ डॉलरची बाटली आणि खाली फुगीर, वर निमुळते असे दोन ग्लेनकेर्न पेले घ्या. त्यासोबत हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र द्या, ज्यात त्यांच्याकडून आपण शिकलेली एखादी नेमकी गोष्ट असेल. बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र मद्याने बूच खराब होते. आणि उन्हाळ्यात ती दिवसभर गाडीत ठेवू नका.

राहिले सासरे. प्रवासी म्हणून भारतात दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येते, त्यामुळे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात. ७० टक्क्यांपर्यंतचे मद्य न फोडलेल्या मूळ बाटलीत, विमानात जमा करायच्या सामानात चालते. ते आजवर स्कॉच घेत आले असतील तर बर्बनची गोडी त्यांना आधी चमत्कारिक वाटेल, म्हणून पहिल्या खेपेला बफलो ट्रेस किंवा मेकर्स मार्क न्या, आणि सोडा घालण्यापूर्वी एक घोट नुसता किंवा थोड्या पाण्यासोबत घेऊन पाहा असे त्यांना सांगा. बाटली जाड कपड्यांत गुंडाळून, मग प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून बॅगेच्या मधोमध ठेवा. चाकांच्या बाजूला ठेवलेल्या बाटल्या फुटल्याच्या तक्रारी मी दर जानेवारीत ऐकतो.